माझ्या नावावरच्या दोन थपडा

माझ्या मुलीचा उजवा हात मी मोडला. कोपराच्या खाली, दोन्ही हाडं. तिचं वय तेव्हा नऊ आणि माझं वजन चौऱ्याण्णव किलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आजाराचं नाव येणार आहे, आणि आजाराचं नाव आलं की वाचणारा माणूस लगेच मऊ पडतो. इतक्यात मऊ पडू नका.

सकाळचे नऊ वाजले होते. पोरगी स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडून चौथीचं गणित सोडवत होती. बायको भाकऱ्या थापत होती. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभा होतो. गॅसवर डाळीचा कुकर होता, त्याचा वॉल जुना झाला होता, आणि तो उडाला. फट्ट असा आवाज झाला, वाफेचा फवारा छताला लागला आणि वरून डाळ पडायला लागली. एवढंच झालं. कुठल्याही घरात होतं. माणसं दचकतात, मग हसतात, छत पुसतात आणि दुकानातून नवा वॉल आणतात.

मी उडी मारून पोरीच्या अंगावर पडलो. नुसता पडलो नाही. तिला अंगाखाली घेतलं, तिचं तोंड माझ्या छातीत दाबलं, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं. तिचा हात तिच्याच पोटाखाली मुडपला होता. हाड मोडल्याचा आवाज मला आला. आवाज येऊनसुद्धा मी सोडलं नाही, उलट आणखी जोर लावला, कारण माझ्या लेखी वरून अजून तापलेलं लोखंड पडत होतं. बायको किंचाळत होती, "सोडा तिला, मरंल ती, सोडा!" तिने उलथन्याने माझ्या पाठीत मारलं. मी मागे न बघता कोपर हाणलं, ते तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. मग तिने गॅसवरचा तवाच सांडशीत धरून उचलला आणि माझ्या खांद्यावर दाबला. त्या चटक्याने म्हणा किंवा पोरीची धडपड थांबली म्हणून म्हणा, माझे हात ढिले पडले. पोरीचे ओठ निळे झाले होते. तिने एक मोठा श्वास घेतला आणि मग ती ओरडायला लागली.

हाडाच्या डॉक्टरने विचारलं तेव्हा पोरीने खरं सांगितलं, "पप्पा अंगावर पडले." डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, बायकोच्या ओठाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मला बाहेरच्या जिन्यात नेलं. "दारू?" म्हणाला. मी नाही म्हटलं. "मग?" मी कुकरचं सांगितलं. मला वाटलं हा आता पोलिसांना फोन करणार, आणि त्याने केला असता तर मी अडवलंही नसतं. पण त्याने विचारलं, कामाला कुठे असता. मी फौंड्री म्हटलं. "तिथं काही झालंय का अलीकडं?" एवढ्या साध्या प्रश्नावर मी त्या जिन्याच्या पायरीवर बसलो. त्याने एका चिठ्ठीवर शाहूपुरीतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला.

फौंड्रीत जे झालं ते त्याच्या पाच महिने आधीचं. मी भट्टीवर होतो, सोळा वर्षं, आणि सोळाही वर्षं माझा जोडीदार एकच होता. दिवसभर तोंडाने शिव्या आणि हाताने काम, असा माणूस. लोखंडाचा भंगार माल भट्टीत टाकायचा, तो वितळला की ओतायचा, हे आमचं काम. या कामात एक नियम आईच्या नावाच्या शपथेसारखा पाळतात: दोन्ही तोंडं बंद असलेला तुकडा भट्टीत घालायचा नाही. आत पाण्याचा थेंब जरी अडकलेला असला तरी भट्टीत त्याची वाफ होते आणि तो बॉम्बसारखा फुटतो. असला तुकडा दिसला की आधी गॅस कटरने चिरायचा. त्या दुपारी ढिगात जुन्या गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर होते, दोन्हीकडून बंद. पाऊस येऊन गेला होता. आम्ही दोघं मिळून माल टाकत होतो, आणि एक तुकडा न चिरता गेला. तो मी टाकला की त्याने, हे मला आजही माहीत नाही.

भट्टीने सगळा रस मोठ्या ढेकरेसारखा वर ओकला. छताच्या पत्र्याला लागला आणि तिथून परत खाली पडला. मी खांबाच्या आड होतो म्हणून वाचलो, फक्त हात भाजले. तो समोर होता. पेटला होता. मी त्याला ओढायला मनगट धरलं तर हातमोज्यासारखी त्याची कातडी माझ्या हातात निघून आली. मी परत धरलं, वर कोपराजवळ, आणि तिथेही तेच झालं. शेवटी काखेत हात घालून ओढला. तो ओरडत नव्हता. शिव्या देत होता, नेहमीच्याच, अगदी नेहमीच्या सुरात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. चौथ्या दिवशी तो गेला. माझे हात बरे झाल्यावर मी परत त्याच भट्टीवर उभा राहिलो. मालक म्हणाला, धीराचा गडी आहे. मलाही तसंच वाटलं.

त्या पाच महिन्यांत मी घरातला आरसा फोडला, दोन खुर्च्या मोडल्या आणि चुलतभावाच्या लग्नात फटाक्यांची माळ लावणाऱ्याला तुडवला. लोक म्हणायचे, तापट झालाय. कोल्हापुरात तापट असणं म्हणजे काही आजार नव्हे. इथे त्याचं कौतुक होतं.

शाहूपुरीतला तो दवाखाना एका कापडदुकानाच्या वर होता. जिना चढताना मी हेल्मेट काढलं नाही. कुणी ओळखलं असतं तर काय सांगायचं? वेटिंगच्या बाकावरसुद्धा हेल्मेट घालूनच बसलो, आणि तिथे बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून आपल्या लेकाला म्हणाली, "ह्येचं लई वाढलंय वाटतंय." डॉक्टरबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. तासभर विचारत होत्या. झोप कशी, आवाजाने काय होतं, भाजलेल्या मांसाचा वास कुठे कुठे येतो. शेवटचा प्रश्न ऐकून मी हादरलो, कारण तो वास मला मटणाच्या रश्श्यात येत होता आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दर रविवारी ताट बाजूला सारायचो आणि बायकोच्या हाताला नावं ठेवायचो.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. पीटीएसडी. मोठा धक्का बसल्यावर मेंदूतला धोक्याचा भोंगा बिघडतो आणि धोका नसतानाही वाजत राहतो, असं समजावलं. मग म्हणाल्या, "त्या सकाळी तुम्ही मुलीला मारलं नाही. तुम्ही तिला झाकलं. जोडीदाराला झाकता आलं नव्हतं, म्हणून तिला झाकलं." मी एवढा मोठा गडी, तालमीत वाढलेला, त्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडलो. फाशीचा कैदी सुटतो तेव्हा त्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी वाटलं. फौंड्रीत दाखवायला त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. खाली उतरलो, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि तो कागद लॅमिनेट करून घेतला. येताना हेल्मेट हँडलला अडकवलं होतं.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. डॉक्टरबाईंनी खरं तेच सांगितलं होतं. घाण केली ती मी.

कागदाने आधी माझी भट्टी गेली. सुपरवायझरने कागद दोनदा वाचला आणि मला गेटवर बसवलं, गाड्यांची नोंद करायला. जी पोरं माझ्यापुढे मान वर करत नव्हती ती "पावणं, फ्यूज बदलला का?" असं विचारायला लागली. एकाचं डोकं मी गेटच्या गजांवर आपटलं. सुपरवायझर पळत आला, पण मला काही बोलला नाही. उलट त्या पोरालाच ओरडला, "कळतंय का तुला, त्यो आजारी हाय!" त्या क्षणी मला एक गोष्ट कळली, जी कळायला नको होती. कागद फक्त माझं दुखणं सांगत नव्हता, तो मला माफीही देत होता, आणि तीही आगाऊ.

मग सिग्नलला एका रिक्षाचं चाक माझ्या गाडीला मागून लागलं. घासलंसुद्धा नाही धड. मी रिक्षावाल्याला कॉलरला धरून बाहेर ओढला आणि त्याचं तोंड त्याच्याच हँडलवर आपटलं. नाक फुटलं, दात हलला, शर्टावर रक्त आलं, तरी मी थांबलो नाही. त्यातला कुठला फटका आजाराचा आणि कुठला माझा, हे मला सांगता येणार नाही. पहिला आजाराचा असेल. पाचवा नक्की माझा होता, कारण पाचव्याला मला मजा आली होती. चौकीत हवालदाराने वही उघडल्यावर मी खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्याने तो उजेडात धरून बघितला. "डोक्याची केस हाय व्हय?" म्हणाला आणि रिक्षावाल्याचीच समजूत घालायला लागला. तो बिचारा नाकाला रुमाल लावून मलाच म्हणाला, "औषध घ्या दादा वेळंवर." मी हो म्हटलं. त्या दिवशीची गोळीही मी घेतलेली नव्हती. आजार मला हवा होता, इलाज नको होता.

घरात माझं राज्य आलं. टीव्हीचा आवाज मोठा झाला की मी नुसतं बघायचो आणि तो बंद व्हायचा. पोरीचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. ती माझ्या पाठीमागून जाताना आधी सांगायची, "पप्पा, मी मागं हाय." असं सांगायला तिला डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं, मी दचकू नये म्हणून. ती चांगली गोष्ट होती. पण मला ते मालकाला सलाम केल्यासारखं आवडायला लागलं होतं.

आता त्या दोन थपडा. संध्याकाळ होती. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. बायको स्वयंपाकघरात आजऱ्याला, तिच्या आईशी फोनवर बोलत होती आणि मी आत आल्याचं तिला कळलं नव्हतं. "झोपंत रडत्यात," ती सांगत होती. "अंथरूण वलं हुतंय कवा कवा. मी गुपचूप धुतो. पोरीला कळू देत न्हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबलो. तिने फोन ठेवला. गॅसवर दूध वर यायला लागलं होतं, साय फुगली होती. मी हात लांब करून गॅस बारीक केला. दूध खाली बसलं. मग मी तिच्याकडे वळलो आणि तिच्या कानशिलात मारली. ती भिंतीला आपटली. ती सरळ उभी राहीपर्यंत थांबलो आणि दुसरी मारली.

ती खाली बसली. कानातून बारीक रक्त येत होतं. मी म्हणालो, "आजार हाय माझा. डॉक्टरनं लिवून दिलंय."

तिने पदर कानाला लावला. मग वर न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "दूध उतू जाऊ ने म्हणून आधी गॅस बारीक केलासा. मग मला मारलासा. आजाराला दुधाची काळजी असती व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती पोरीला घेऊन आजऱ्याला गेली. जाताना दारात एवढंच म्हणाली, "त्यो कुकरचा दिवस मी कुणालाबी सांगीन, पप्पानं हात आजारात मोडला म्हणून. पोरीलाबी त्येच सांगितलंय. पर ह्ये दोन आजाराच्या नावावर घालू नगासा. ज्या दिवशी तुमच्या तोंडानं तिच्यासमोर खरं सांगशीला, त्या दिवशी बघू. तवर न्हाय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, लाज नंतर आली, आधी रागच आला. मला वाटलं, मी आजारी आणि ही हिशोब मागते. घर रिकामं झालं तसा मी आणखी बिघडलो. कपाटाच्या दारावर ठोसे मारून हाताची सालं काढली. आणि मग जे आमच्याकडचा कुठलाही माणूस करेल ते केलं. डॉक्टरबाईंकडे न जाता तालमीत गेलो.

वस्ताद सत्तरीचे. मी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली. त्यांना मी कागद दाखवला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि बाकावर टाकला. "कसलं पीटी आन् कसलं काय! किती वरसं झाली मातीत उतरून? गड्याच्या अंगाला माती लागली न्हाय की डोस्कं असंच फिरतंय. लंगोट बांध." ते प्रेमानेच म्हणाले. आमच्याकडे ताप, प्रेमभंग, परीक्षेत नापास, सगळ्याला हे एकच औषध आहे, आणि बहुतेक वेळा ते लागूही पडतं. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती, त्यात ताक, तेल, हळद मुरवलेली. तो वास आला आणि मला खरंच बरं वाटलं. मी लंगोट बांधला.

समोर पंचविशीचा एक तयारीचा पैलवान दिला. पहिली दोन मिनिटं मजेत गेली. तो हसत होता, मीही हसत होतो. मग मी त्याचं मनगट धरलं, आणि घामाने माझी मूठ त्याच्या हातावरून सरकली. मनगटापासून पंजापर्यंत, सर्रकन.

पुढचं मला आठवत नाही. सांगतो ते इतरांनी सांगितलेलं. मी त्याला खाली घेतला, मानेवर हाताची नळी आडवी टाकली आणि अंगाचा सगळा भार दिला. त्याने मातीवर हात आपटला, सोड म्हणून. मी सोडलं नाही. त्याची जीभ बाहेर आली, डोळे वर गेले, पायांच्या टाचा माती उकरायला लागल्या. वस्तादांनी वेताच्या काठीने माझी पाठ सोलली, काठी मोडली. चौघांनी मला उपसून काढलं तेव्हा मी त्या पैलवानाला जोडीदाराच्या नावाने हाका मारत होतो आणि "धरलाय, धरलाय, सोडत न्हाय" म्हणत होतो. त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली, तेव्हा तो खोकला. महिनाभर त्याला गिळता येत नव्हतं.

मी भानावर आलो तो हौद्याच्या कोपऱ्यात, तोंडात माती. वस्ताद समोर उकिडवे बसले होते. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "मला वाटलं हुतं निस्ती भीती बसलीया." मग विचारलं, "तुला कळत हुतं, काय करालास ते?"

"न्हाय वस्ताद."

"कायबी न्हाय?"

"कायबी न्हाय."

त्यांनी मान हलवली, उठले आणि त्या पैलवानाकडे गेले. त्यांचा प्रश्न तिथे संपला. माझा तिथून सुरू झाला. कायबी न्हाय, हे खरं होतं. कुकरच्या सकाळचंही तसंच, मधे मधे भोकं पडलेलं. पण बायकोला मारलं त्यातलं मला सगळं आठवत होतं. सायीवरचा बुडबुडा, गॅसचं बटण, ती सरळ उभी राहीपर्यंत थांबलेलो ते. दुसऱ्या थपडेला मी पंजा किती मागे नेला तेसुद्धा. एका ठिकाणी मी नव्हतोच. दुसऱ्या ठिकाणी सगळाच्या सगळा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो आणि रिक्षावाल्यापासून दुधापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील की तेही आजारातच धरा. त्या म्हणाल्या, "चिडचिड आजाराची असते. पण वाट बघून मारणं मी कागदावर लिहिणार नाही." त्या दिवसापासून गोळ्या नियमाने सुरू केल्या. दर आठवड्याला त्यांच्यासमोर बसून तो स्फोट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, हाही इलाजातला भाग होता. पहिल्या वेळी मी त्यांची खुर्ची उचलली होती, फेकायला. खाली ठेवली.

दीड महिन्याने आजऱ्याला गेलो. बायको तिथे काजूच्या कारखान्यात जात होती. टरफलाच्या चिकाने तिची बोटं काळी पडली होती. बाहेरच्या सोप्यात सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. पोरीचं प्लास्टर निघालं होतं. हात बारीक झाला होता, दुसऱ्या हातापेक्षा निम्मा. ती आईच्या मागे उभी राहिली. चहा आला नाही. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"तुझा हात माझ्या आजारात मोडला," पोरीला म्हटलं. "मला वाटलं वरनं लोखंड पडालंय. तुला मारायचं नव्हतं. पर मोडला मीच." ती बघत राहिली. "आन् तुझ्या आईला मारलं, दोनदा, ते आजारात न्हाय. मला सगळं कळत हुतं. राग आलता, म्हणून मारलं. वर खोटं बोललो."

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. बायको रडली नाही, जवळ आली नाही. मला वाटलं होतं निदान हुंदका तरी येईल तिला. ती म्हणाली, "आता परत कवा असं झालं तर मी आजऱ्याला येणार न्हाय. चौकीत जाणार. तुमचा कागद तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे, मी माझं कान दाखवीन." मी हो म्हटलं.

मग पोरगी आईच्या पाठीमागून म्हणाली, "पर पप्पा, राग परत यील तवा कुठला आलाय ते आमाला कसं कळायचं? आजारातला का तुमचा?"

खोटं बोलायला जागा खूप होती. "तुमास्नी न्हाय कळणार," मी म्हटलं. "कवा कवा मलाबी आधी कळत न्हाय."

"मग आतल्या खोलीला आतनं कडी लावा," ती म्हणाली. "माझ्या हाताला यील अशी."

त्या परत आल्या त्याच दिवशी मी बाजारातून कडी आणली. पितळी, वीतभर लांब, जाड दांड्याची. पोरीला दारापाशी उभी केली, तिचा हात कुठवर पोचतो तिथे पेन्सिलने खूण केली आणि त्यापेक्षा चार बोटं खाली लावली, घाईत तिला टाचा उचलायला लागू नयेत म्हणून. स्क्रू लांबडे घेतले होते, मागे पट्टी टाकली. तिने दांडा सरकवून बघितला. उजव्या हाताने सरकेना, ताकद नव्हती. मी कडी परत काढली, भोक कानशीने घासलं, तेल घातलं, परत लावली. तीन वेळा. चौथ्या वेळी तो दांडा तिच्या दोन बोटांनी सरकला.

"तुम्ही भाईर जावा," ती म्हणाली.

मी बाहेर गेलो. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"ढकला."

मी तळव्याने ढकललं.

"तसं न्हाय. त्या दिवशीसारखं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हात पदराला पुसत, आणि मला अडवत नव्हती. मी दोन पावलं मागे गेलो आणि चौऱ्याण्णव किलोनिशी खांदा दारावर आपटला. चौकट कुरकुरली, वरून चुन्याचा पोपडा पडला. कडी निघाली नाही. "आणि एकदा," आतून आवाज आला. मी आणखी एकदा आपटला, पहिल्यापेक्षा जोरात. खांदा सुन्न झाला. कडी तशीच होती. मी दाराला कान लावला तर आत वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"बाळा, निघत न्हाय," मी बाहेरून म्हटलं. "उघड आता."

"पप्पा, तुम्ही जावा की," ती आतून म्हणाली. "मला वाटंल तवा उघडतो मी."